ही तांबडी नव्हे

बोलताना तोंडाकडे न बघणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. आमचा नालबंद कायम पायांकडे बघून बोलायचा. दुकानात शिरलं की आधी आपल्या चपलांवर नजर, मग "बोला" एवढा एकच शब्द, आणि पुन्हा मान खाली. वयानं तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. समोर मी त्याला अहो-जाहोच करते, पण लिहिताना ‘ते’ लिहिलं की कुणी दुसराच सभ्य गृहस्थ डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथे तो.

एकदा औषधाच्या दुकानात रांगेत तो माझ्यामागे उभा होता. मी वळून दोन शब्द बोलले तरी मी कोण याचा याला पत्ता नाही. मग त्यानं खाली पाहिलं आणि म्हणाला, "दूधवाल्या बाई होय! टाच बाहेरून झिजलीय तुमची. कंबर धरते का?" रांगेतले सगळे हसले. माझी कंबर तीन आठवडे धरत होती आणि मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण घरात सांगायला कुणी नव्हतंच. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. बोलायला होती ती माझी घोडी, आणि तिला कंबरेचं काय कळणार.

त्याचं दुकान म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यामागची एक लांबट शेड. पुढे ऐरण आणि भट्टी, भिंतीला टांगलेल्या कानशी आणि पकडी. मागे एक खोली, तिच्यात एक खाट आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर तो बसायचा, दुसरीवर कागदांचा गठ्ठा. त्याच्याकडे येऊन बसणारा माणूस अख्ख्या गावात एकच, शाळेची बस चालवणारा. तो दर रविवारी दुपारी यायचा, खिळ्यांच्या खोक्यावर बसायचा, तासभर एकटाच बडबडायचा आणि निघून जायचा. नालबंद त्या तासात चार वाक्यं बोलला तर खूप. पण रविवारी तो दाढी करायचा, हे मी पाहिलेलं आहे.

कागदांचं सांगायला हवं. घोड्याचा खूर तासून झाला की नाल ठोकण्याआधी तो खुराखाली तपकिरी कागद धरायचा आणि पेन्सिलीनं कड गिरवून घ्यायचा. चार पायांचे चार कागद. शेजारी खूर बाजूनं कसा दिसतो त्याचं चित्र, त्यात कुठे चीर, कुठे खड्डा, सगळं टिपलेलं. कागदामागे त्याची बायको मालकाचं नाव-पत्ता गोल अक्षरांत लिहायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तो स्वतः लिहायचा, आणि तेही नुसता धंदा: ‘वीटभट्टी’, ‘रायडिंग स्कूल’, ‘दूध’. फार तर एक फोन नंबर. असे पत्र्याच्या सहा पेट्या भरून कागद. गावानं त्याचं नाव खूरपंडित ठेवलं होतं. मीही तेच म्हणायचे, उगाच सोवळं कशाला दाखवू.

तर ‘दूध’ म्हणजे मी. वरच्या आळीचा चढ उभा आणि गल्ल्या अरुंद, तिथे मोटार चढत नाही. तिथल्या त्रेचाळीस घरांना मी घोडागाडीनं दूध घालत होते. घोडीचं नाव तांबडी, रंगावरून ठेवलेलं, त्यात डोकं चालवलं नव्हतं. कपाळावर पांढरा ठिपका. स्वभावानं खाष्ट, पण चढावर कधी थांबली नाही. नऊ वर्षं आम्ही दोघी रोज एकमेकींवर चिडत तो चढ चढत होतो.

एका सकाळी गाडी जोडायला गेले तर तबेल्याचं दार उघडं. कडी कापलेली, दावं तसंच खुंटीला. मी आत जाऊन उगाच गवताच्या भाऱ्यामागे बघितलं, जणू एवढं मोठं जनावर भाऱ्यामागे लपणार होतं. मग तिथेच बसले. दूध नासलं त्या दिवशी.

गावानं मात्र कमाल केली, ती नाकारून चालणार नाही. पोलिसांत तक्रार करून मी घरी येते तो दारात दहा माणसं. रायडिंग स्कूलच्या बाईंनी तांबडीचा फोटो जिथे जिथे घोडेवाले असतात तिथे तिथे फोनवरून पाठवला. पोस्टमननं आपल्या भावकीतल्या सगळ्या पोस्टमनांना कामाला लावलं. बेकरीवाला पावाच्या पुड्यात चिठ्ठ्या घालायला लागला: तांबडी घोडी, कपाळावर ठिपका, दिसल्यास कळवा. बसवाल्यानं तर घरची मोहीम असल्यासारखं घेतलं. दर सुट्टीला कुठल्या ना कुठल्या जनावरांच्या बाजारात जाऊन उभा. माझ्या घरात सकाळ-संध्याकाळ माणसं. कुणी यादी करतंय, कुणी फोन लावतंय, कुणी नुसतंच बसलंय. सहा वर्षांत इतके कप मी विसळले नव्हते. तांबडीसाठी जीव तुटत होता आणि घर भरलेलं बघून बरंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे, आता कशाला लपवू.

नालबंद तिसऱ्या दिवशी आला. कसं झालं, वाईट झालं, असलं काही नाही. दारातूनच म्हणाला, "पुढच्या डाव्या खुराची चीर शेवटची कधी बघितलीत?"

चीर मला आठवत होती. तांबडीच्या त्या पायात पू झाला होता आणि तो खुराच्या वरच्या कडेतून, जिथे केस संपतात तिथून, फुटला होता. पाय बरा झाला, पण खुरावर नखभर लांबीची आडवी चीर राहिली.

"वरच्या कडेपासून आडव्या बोटाएवढी खाली होती," मी म्हणाले.

"म्हणजे आहे अजून दहा महिने," तो म्हणाला आणि गेला.

पुढचं मला बसवाल्याकडून कळलं. खूर वरून वाढतो आणि खालून तासला जातो. चीर महिन्याला जेमतेम आडव्या बोटाच्या निम्म्यानं खाली सरकते, आणि एक दिवस कापलेल्या तुकड्याबरोबर पडून जाते. चोर ठिपका रंगवेल, आयाळ कापेल, शेपूट छाटेल. खुराशी खेळायला जाणार नाही, कारण लंगडं जनावर विकलं जात नाही. आणि दीड-दोन महिन्यांत त्यालाही कुठल्या तरी नालबंदापुढे घोडी उभी करावी लागणारच. म्हणून आमच्या खूरपंडितानं डाव्या पायाचं चित्र सव्वीस वेळा काढलं आणि सव्वीस गावांच्या नालबंदांना टपालानं धाडलं. त्यातल्या एकालाही तो कधी भेटलेला नव्हता. खिळ्यांच्या कारखान्याकडून त्यांचे पत्ते मिळवले होते म्हणे.

पाचव्या आठवड्यात बसवाल्याच्या मेहुण्याचा फोन आला. दोनशे किलोमीटरवरच्या बाजारात एक तांबडी घोडी आहे, उंची तीच, आणि कपाळावरचे केस डाय केल्यासारखे काळपट. आम्ही बारा जण बस करून निघालो. नालबंदाला बसवाल्यानं अक्षरशः उचलून गाडीत घातलं. गावाबाहेर पडून त्याला वीस वर्षं झाली असतील. मांडीवर पेट्यांतले तांबड्या घोड्यांचे सगळे कागद घेऊन तो खिडकीशी बसला आणि पूर्ण वाटेत बाहेर बघितलं नाही.

बाजाराच्या आवारात पोलीस अधिकारी होता, घोड्यांचा व्यापारी होता, आणि व्यापाऱ्याच्या हातात खरेदीचा कागद होता. अधिकारी माणूस बरा होता. म्हणाला, "बाई, फोटोवरून मला काही ठरवता येणार नाही. खुणेची खात्री देणारं कुणी आहे का?"

"आहे ना!" बसवाला म्हणाला. "आमचा नालबंद आहे. त्यानं हो म्हटलं की झालं."

घोडी दोरीला बांधलेली. मी तिच्यापाशी गेले. तिनं माझ्या खिशात तोंड खुपसलं. मी तिच्या गळ्यात हात टाकला, तिच्या कानाशी गाल लावला आणि "तांबडे, तांबडे" म्हणत रडले. रायडिंग स्कूलच्या बाई रडल्या, पोस्टमननं डोळे पुसले. अधिकाऱ्यानंही मान दुसरीकडे वळवली. बारा माणसं एवढी लांबून आली होती आणि त्यांना जे बघायचं होतं ते बघायला मिळत होतं.

नालबंद खाली बसला. पुढचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला, अंगठा वरच्या कडेवरून खालपर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला. पाय ठेवला. मग बाकीचे तीन पाय एकेक करून पाहिले. घोडी गप्प उभी होती. तो उठला आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "ही तांबडी नव्हे."

"नीट बघ," बसवाला म्हणाला.

"बघितलं."

"अरे, चीर वाढून गेली असेल!"

"महिन्यात जात नाही."

"माझ्यासाठी एकदा बघ." बसवाल्याचा आवाज चढला होता. "बाई मिठी मारून रडतेय, घोडी ओळख दाखवतेय, आणि तुझा कागद मोठा?"

नालबंद तसाच उभा राहिला. मग हातातली चळत चाळून त्यानं एक जुना कागद काढला आणि अधिकाऱ्याला दिला. "मागच्या उजव्या पायाला उभी पन्हळ आहे. तारेनं कड कापली की अशी पन्हळ पडते, ती जन्मभर जात नाही. सहा वर्षांपूर्वी एकदा या घोडीला मी नाल ठोकलीय. ही मधवाल्याची आहे."

कागदामागे त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात ‘मध’ असं लिहिलं होतं आणि खाली एक नंबर. अधिकाऱ्यानं फोन लावला. पलीकडच्या माणसाला आधी ते खरंच वाटेना. त्याची घोडी चार वर्षांपूर्वी चोरीला गेली होती आणि त्यानं शोधणं कधीच सोडून दिलं होतं. तीन तासांनी तो आला. मधमाश्या पाळणारा किरकोळ म्हातारा. फाटकातच थांबला, पुढे यायची त्याची हिंमत होईना. घोडी खिंकाळली तेव्हा कुठे आला. व्यापाऱ्याचा कागद खोटा निघाला, त्याला गाडीत घालून नेलं.

मी ते सगळं कोपऱ्यात उभी राहून पाहिलं. एका माणसाला त्याचं जनावर परत मिळत होतं, ते आमच्या गावामुळे मिळत होतं, आणि आमच्यातल्या एकालाही आनंद झाला नाही. मला तर नाहीच नाही.

परत येताना नालबंदाच्या शेजारची जागा रिकामी राहिली. बसवाला स्टिअरिंगवर, आरशातूनही मागे बघेना. आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बायको गेल्यापासून या माणसाला कुणाचंच काही आपलं वाटत नाही." त्याला ऐकू गेलं. कागद सारखे करता करता त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

त्यानंतर गाव त्याच्याशी बोलेनासं झालं. ठरवून कुणी केलं नाही, झालं. घोडे घेऊन लोक येत, काम झालं की जात. बसवाला रविवारी यायचा बंद झाला. माझ्याकडची गर्दीही महिन्याभरात ओसरली. फोन यायचे थांबले, पावाच्या पुड्यातल्या चिठ्ठ्या संपल्या. माणसांना आपापली कामं असतात. मी हातगाडी घेतली आणि त्रेचाळीस घरांचं दूध स्वतः ओढत चढाला लागले. चढावर मधेच थांबून कुणावर चिडायचं तर चिडायलाही कुणी नाही, हे फार लागायचं.

शोध सोडला नाही तो एकट्या नालबंदानं. दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या दाराच्या फटीतून एक कागद आत यायचा. त्यावर तांबडीचा डावा खूर, आणि चीर आधीपेक्षा थोडी खाली. तसेच सव्वीस कागद सव्वीस गावांना. घोडी जिथे कुठे असेल तिथे या महिन्यात तिचा खूर असा दिसत असेल, असा हिशोब करून तो नव्यानं चित्र काढायचा. पहिले दोन कागद मी चुलीत घातले. तिसरा फडताळात अंथरला. पुढचे ठेवायला लागले, का ते सांगता येणार नाही.

दहाव्या महिन्यात कागद फटीतून आला नाही, दार वाजलं. तो उभा होता, हातात कागद धरून.

"हा शेवटचा," तो म्हणाला.

मी पाहिलं. स्वच्छ खूर होता, चीर नाही. कुठल्याही घोड्याचा असावा तसा.

"पडून गेली असणार," तो म्हणाला. "आता समोर आणून उभी केली तरी मला खात्री देता यायची नाही. नुसत्या आकारावरून मी शपथ घेत नाही. हे टपालानं कळवायचं बरं दिसेना."

मी त्याला बसायला सांगितलं. बसला. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी मला माहीत होतं. तिच्या मानेवर हात ठेवला तेव्हाच कळलं होतं, ही माझी नाही."

त्याची नजर माझ्या पायांवर होती.

"मी दमले होते हो. मला कुठलीही घोडी चालली असती. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी तिला घरी आणलं असतं, तांबडी म्हणून हाक मारली असती, आणि जन्मात कुणाला सांगितलं नसतं."

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही तिच्या कानाला गाल लावून रडत होता. तांबडीच्या कानाला हात लागला की ती मान झटकायची. तिला नाल ठोकताना दोनदा मी नाक फोडून घेतलंय. ती असती तर तुम्ही तिच्या कानाजवळ गेलाच नसतात."

नऊ वर्षं मी त्या कानांपासून हातभर लांब राहून तिला लगाम घातला होता. बारा माणसांत हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. त्या एका वाक्यानं तो तिथल्या तिथे सुटला असता. दहा महिने बसवाला त्याच्याकडे येत राहिला असता.

"मग तिथे बोलला का नाहीत?" मी ओरडलेच त्याच्यावर. "नंतर तरी बोलायचंत!"

"मला घोडीचं विचारलं होतं," तो म्हणाला. "तुमचं कुणी विचारलं नव्हतं."

तो गेल्यावर मी पोटभर रडले, आणि या खेपेला ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दूध घालताना मी दारोदार सांगत सुटले. नालबंद खरं बोलला होता, खोटी मी होते, त्याच्याशी अबोला धरू नका. मला वाटलं होतं लोक माझ्या तोंडावर दार आपटतील. बेकरीवाला म्हणाला, "कुठली घोडी? हां हां, ती होय! झाली की आता जुनी गोष्ट." रायडिंग स्कूलच्या बाई म्हणाल्या, "अय्या, आपण बोलत नव्हतो का त्याच्याशी? मला वाटलं तोच बोलत नाही." पोस्टमन हसला आणि भांडं पुढे केलं. एकेका दाराशी माझा आवाज बारीक होत गेला. अबोला कशावरून होता तेच कुणाला आठवत नव्हतं. अबोला तेवढा राहून गेला होता.

शेवटचं घर बसवाल्याचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चेहरा पांढरा पडला. "आजपासून तुमचं दूध नको," एवढं म्हणाला आणि दार लावून घेतलं. मला राग नाही आला. त्रेचाळीस घरांत एकाला तरी काहीतरी झालं होतं.

परत येताना मी शेडवर गेले. नालबंद रायडिंग स्कूलच्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसला होता.

"सगळ्यांना सांगितलं," मी म्हणाले.

"उगाच त्रास घेतलात."

"सगळ्यांना फार वाईट वाटलं." हे मी धडधडीत खोटं सांगितलं.

त्यानं कानस चार वेळा फिरवली. "बसवाल्यालाही सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. दार लावलं."

"लाजला असेल," तो म्हणाला. कानस पुन्हा चालू झाली, पुन्हा थांबली. "रविवारी मी इथेच असतो म्हणावं. तुम्ही सकाळी दूध घालायला जालच त्याच्याकडे."

त्या घरचं दूध आता बंद झालंय, हे माझ्या तोंडातून निघेना. "सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस घरं करून मी गाडी खाली सोडली आणि रिकाम्या हातांनी पुन्हा चढ चढून बसवाल्याची कडी वाजवली.